चौकोनातली कविता : नवे गुरुजी आणि तंत्रज्ञानाची पंधरा वर्षे

सन २००९. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेवर एक तरुण शिक्षक रुजू झाला. इमारत मोडकळीला आलेली. एका अंगाला गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला कोठार. आयटी इंजिनिअर व्हायचे स्वप्न होते, पण इंजिनिअरिंग अर्ध्यावर सुटले आणि वडिलांच्या सांगण्यावरून शिक्षकी पेशाची वाट धरून रणजितसिंह डिसले गुरुजी झाले. मुलींची हजेरी तुरळक होती. ज्या वयात मुलीने शाळेत असावे, त्या वयात तिच्या लग्नाची बोलणी चालत.

त्या काळात नोकरीला लागणाऱ्या प्राथमिक शिक्षकाची तयारी कशी असे, हे आठवून पाहण्यासारखे आहे. डी.एड.च्या दोन वर्षांत पाठ टाचण, फलकलेखन, पुठ्ठ्याचे शैक्षणिक साहित्य यांचा सराव भरपूर व्हायचा. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नोकरीसाठी लागायचे, म्हणून टायपिंग आणि तक्ते जमायचे. पण हातच्याची वजाबाकी दुसरीच्या मुलाला समजावताना संगणकाचा काय उपयोग, हे कुठेच शिकवलेले नसे. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची. लॅपटॉप म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. आणि शाळा दोनशिक्षकी असेल, तर एका खोलीत दोन-दोन इयत्ता, शिवाय शालेय पोषण आहाराचा हिशेब गळ्यात.

डिसले यांनी शोधलेला मार्ग या सगळ्या अडचणींना धरून होता. त्यांनी पाठ्यपुस्तक बाजूला सारले नाही. पुस्तकाच्या पानावरच क्यूआर कोड चिकटवले. घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलने तो काळा-पांढरा चौकोन टिपला की कविता ऐकू यायची, पाठाचा व्हिडिओ उघडायचा, गोष्ट किंवा गृहपाठ समोर यायचा.

हा चौकोन मुळात शाळेसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून तयार केला. तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, त्यामुळे पुस्तक उलटे धरले तरी बिघडत नाही. आतली माहिती अशी राखीव भर घालून मांडलेली असते, की सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. दप्तरात चुरगळणाऱ्या आणि डब्यातल्या तेलाचे डाग अंगावर घेणाऱ्या पाठ्यपुस्तकाला यापेक्षा सोयीचे काय मिळणार? छापायला काळी शाई पुरते. प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र असण्याचीही गरज नाही, घरात किंवा शेजारी एक फोन असला की झाले.

परितेवाडीत हे चालू असताना ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड हे शिक्षकही अशीच वाट चाचपडत होते. तिथे जिल्हा परिषदेच्या छोट्याशा शाळेत डिजिटल वर्ग उभा राहिला आणि त्यासाठी गावकऱ्यांनी हातभार लावला. शहरातल्या महागड्या शाळांतच दिसणारा स्पर्शफलक पाड्यावरची मुले बोटाने चालवतात, हे पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. ‘पष्टेपाडा पॅटर्न’ हा शब्द शिक्षक परिषदांमध्ये रुळला. त्या भेटींत नव्या शिक्षकांना सर्वांत जास्त बळ दिले ते एका गोष्टीने: हे करणारा माणूस आपल्यासारखाच, आपल्याच वेतनश्रेणीतला आहे.

त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाचेही नाव गाजत होते. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शाळा घडवल्या. तिथे वर्गाच्या फरशीवर अंक, अक्षरे, आकृत्या रंगवलेल्या असत. मुले गटागटाने खाली बसून मणी, काड्या, कार्डे घेऊन स्वतः शिकत. तिथे यंत्र नव्हते. पण पष्टेपाड्याला जाऊन आलेला शिक्षक कुमठ्यालाही जायचा आणि दोन्हीकडे त्याला एकच दृश्य दिसायचे, मुलांचे हात कामात गुंतलेले. राज्यातल्या चांगल्या डिजिटल वर्गांवर कुमठ्याच्या फरशीचा जेवढा प्रभाव आहे, तेवढी त्याची नोंद झालेली नाही.

२२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, हा त्याचा गाभा. त्यापाठोपाठ ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यशाळा भरू लागल्या. एखाद्या केंद्रशाळेच्या खोलीत शिक्षक पाठाचे व्हिडिओ कसे बनवायचे, मोबाइलचा पडदा प्रोजेक्टरवर कसा न्यायचा, चाचणी ऑनलाइन कशी घ्यायची हे शिकत. शिकवणारेही शिक्षकच. गावोगावी लोकवर्गणी निघाली. कोणी टीव्ही दिला, कोणी संगणक. कुठे माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर घेऊन दिला.

अडचणी मात्र यंत्र आल्यावर सुरू व्हायच्या. शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या सादिलच्या तुटपुंज्या रकमेत विजेचे बिल बसत नसे आणि थकले की जोडणी तुटे. प्रोजेक्टरचा दिवा गेला तर बदलायला पैसे कुठून आणायचे, हा मुख्याध्यापकांपुढचा यक्षप्रश्न. ज्याने सगळे उभे केले त्या शिक्षकाची बदली झाली, की कपाटाला कुलूप लागायचे. टिकले ते वर्ग बहुधा तिथलेच, जिथे शाळा व्यवस्थापन समितीला हे आपले वाटत होते आणि शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकालाही ते चालवता येत होते.

२०१७ हे वर्ष या प्रवासातला टप्पा ठरले. सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड देण्याचे राज्याने जाहीर केले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षक दिनी, केंद्राच्या ‘दीक्षा’ या डिजिटल शिक्षण मंचाचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी एनसीईआरटीनेही आपल्या पुस्तकांत कोड देण्याचे जाहीर केले. परितेवाडीच्या पुस्तकांत हाताने चिकटवलेला चौकोन आता बालभारतीच्या छापखान्यातून छापून येऊ लागला.

पण छापलेला कोड आणि शिकलेले मूल यांच्यामध्ये शिक्षकाचे काम तसेच शिल्लक होते. ते किती बारीक असते, हे पाहायला दुसरीच्या वर्गात डोकवावे लागेल. विषय हातच्याची वजाबाकी. नव्या बाई मोबाइल टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभा करतात आणि व्हिडिओ लावतात. रंगीत चित्रे, छान आवाज, मुले खूश. व्हिडिओ संपतो, ‘समजलं का?’ याला सगळा वर्ग एका सुरात ‘हो बाई!’ म्हणतो. मग फळ्यावर ४२ वजा १७ येते आणि निम्म्या पाट्यांवर उत्तर असते ३५. दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलांनी सातातून दोन काढलेले असतात. व्हिडिओ नीट बघूनही.

दुसऱ्या दिवशी बाई तोच व्हिडिओ लावतात, पण नेमक्या जागी थांबवतात. पडद्यावर चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिसतात. ‘सात काड्या द्यायच्यात. आता काय करायचं?’ मुलांच्या पुढ्यातही रबराने बांधलेले दहा-दहा काड्यांचे गठ्ठे असतात. थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कोणीतरी एका गठ्ठ्याचे रबर काढते. सुट्या काड्या झाल्या बारा. सात दिल्या, उरल्या पाच. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक गेला, राहिले दोन. पाट्यांवर २५ उमटते, आणि मग बाई व्हिडिओ पुढे सोडतात तेव्हा मुले आपले उत्तर पडद्याशी ताडून बघतात. फोन तोच, कोड तोच, व्हिडिओही तोच. कुठे थांबवायचे हे मात्र बाईंना आदल्या दिवशीच्या चुकलेल्या पाट्यांनी शिकवलेले असते. डी.एड.च्या वर्गात किंवा कार्यशाळेत ते कळण्यासारखे नसते.

बहुवर्ग अध्यापनात तर अशा वापराचे मोल आणखी वाढते. पहिलीची मुले स्पीकरवर बडबडगीत ऐकत अभिनय करत असतील, तर तेवढी दहा मिनिटे बाईंना तिसरीच्या मुलांजवळ बसता येते. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला ही दहा मिनिटे सोन्यासारखी असतात.

मार्च २०२०मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि सगळ्या तयारीची परीक्षा झाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही हाक राज्याने दिली. व्हॉट्सअॅपवर अभ्यास जाऊ लागला. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२०पासून ‘टिलीमिली’ ही बालभारतीच्या पाठ्यक्रमावरची मालिका सुरू झाली. पण ज्या घरी एकच फोन आणि तोही वडिलांसोबत कामावर जाणारा, तिथल्या मुलांचे काय? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. तरीही फोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येतच नव्हता.

महाराष्ट्रातले शिक्षक आणि कार्यकर्ते इथे स्वस्थ बसले नाहीत. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतीच पाठ्यपुस्तकासारख्या रंगवल्या. सुमारे ३०० भिंतींवर अक्षरे, पाढे, आकृत्या आल्या आणि मुले अंतर राखून गल्लीतच शिकू लागली. दांडवळसारख्या आदिवासी गावात ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. मुले मोकळ्या जागेत बसून ऐकत आणि मोठ्याने उत्तरे देत. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी काय उपयोगी पडेल, याचा इतका रोकडा विचार कोणत्याही परिपत्रकात नव्हता.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला लंडनमधल्या कार्यक्रमात ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. १४०हून अधिक देशांतल्या १२ हजारांवर नामांकनांमधून निवड झाली परितेवाडीच्या डिसले गुरुजींची. घरी आई-वडिलांच्या शेजारी उभे राहून त्यांनी आपले नाव ऐकले आणि तिघांच्या त्या आनंदाचे चित्रीकरण सगळ्या महाराष्ट्राने डोळे भरून पाहिले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्षानुवर्षे ‘झेडपीची शाळा’ हे शब्द कमीपणाने उच्चारले जात होते. त्या रात्री राज्यातल्या हजारो गुरुजींनी आणि बाईंनी आपापल्या फोनवर ते अभिमानाने लिहिले.

शाळा पुन्हा भरल्या तेव्हा नुकसान उघडे पडले. ‘असर २०२२’नुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरले होते. फोन वाढले आणि वाचन घटले, असे सोपे गणित त्यातून मांडणे अन्यायाचे होईल. दीड-दोन वर्षे वर्गच नव्हता. शिक्षकाची जागा पडदा घेऊ शकत नाही, हे मात्र त्या पिढीच्या पाटीवर लिहिले गेले. ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१मध्ये सुरू झाले ते पायाभूत वाचन आणि गणितासाठीच. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, हे त्यातले एक उद्दिष्ट.

या काळात शिक्षकाच्या फोनवर आणखी एक ओझे येऊन बसले. ‘सरल’ आणि यू-डायस या माहिती प्रणालींवरच्या नोंदी, पोषण आहाराची रोजची माहिती, छायाचित्रे, लिंक भरणे, अॅपवरची हजेरी. सकाळी परिपाठ संपतो न संपतो तोच ‘आजची माहिती तातडीने भरावी’ असा संदेश येतो. ज्या यंत्राने वजाबाकी सोपी केली, त्याच यंत्राने शिकवण्याची वेळ खाल्ली. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांच्या मोर्चांमधली घोषणा म्हणूनच मनावर घेण्याजोगी आहे. ती तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. तंत्रज्ञान मुलाकडे वळवा, एवढेच ती मागते.

मधली काही वर्षे भरती जवळपास थांबली होती. पवित्र पोर्टलवरून ती पुन्हा सुरू झाली आणि २०२४मध्ये मोठ्या संख्येने तरुण शिक्षक वाड्या-वस्त्यांवर रुजू झाले. शिक्षण सेवकाचे मानधन ६ हजारांवरून १६ हजारांवर गेलेले. ही पिढी स्मार्टफोन हातात घेऊनच वाढली; व्हिडिओ बनवायला तिला कार्यशाळा लागत नाही. तिला शिकायचे आहे ते मुलाकडे बघणे, त्याची चूक ओळखणे आणि मगच फोन खिशातून काढणे. त्यासाठी तिच्या शेजारी बसून वर्ग पाहणारे, सांभाळून घेणारे जाणते गुरुजी आणि बाई हवेत. केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरणे आणि शिक्षण परिषदेत माहितीच्या लिंकऐवजी मुलांच्या वह्या उघडणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते.

काही वर्गांत ती झालीही आहे. वाचनाच्या तासाला फोन फक्त आवाज टिपायला वापरतात. त्याला ना इंटरनेट लागते, ना प्रोजेक्टर. तिसरीतली मुलगी धडा वाचते, बाई रेकॉर्ड करतात आणि लगेच ऐकवतात. आपलाच आवाज ऐकून ती आधी हसते, तोंड लपवते. मग कान देऊन ऐकायला लागते. एका जोडाक्षरापाशी आवाज अडखळतो, तिथे तिचे बोट पुस्तकातल्या त्या शब्दावर जाऊन थांबते. ती तो शब्द पुटपुटते, पुन्हा पुटपुटते आणि बाईंकडे बघून म्हणते, ‘बाई, परत घ्या ना माझं.’