नळ आणि कारंजे

आमच्या मलकापुरात, म्हणजे कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात, पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी ऐकल्यावाचून सुटका नसते. एक, आगाशिवच्या डोंगरातील लेणी. दुसरी, गावाचे नाव दूरवर नेणारी चोवीस तास पाण्याची योजना. या दोहोंचा संगणकाशी काही संबंध असेल, असे मला गेल्या जूनपर्यंत वाटले नव्हते.

त्याचे असे झाले. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेथे नवे संकेतस्थळ करण्यासाठी समिती नेमली गेली. शुद्धलेखन तपासायला म्हणून मलाही तीत ओढले. पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, पान साधे हवे: प्रवेश, वेळापत्रक, निकाल, फोन नंबर, संपले! दुसरा म्हणे, सरकती चित्रे हवीत, स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ हवा, शिवाय कोपऱ्यात 'मी आपली काय मदत करू?' असे विचारणारा यंत्रमदतनीसही हवा. "सर, मुलं आधी रूप बघतात, मग गुण," एक तरुण सहकारी म्हणाला. त्यात तथ्य नव्हते असे नाही. आणि खरे सांगायचे तर मीही त्याच्याच बाजूने हात वर केला. पहिल्या पानावर माझ्या स्वागतपर चार ओळी झोकात सरकत जाणार होत्या ना!

संकेतस्थळ झाले. पेढे वाटले गेले.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी पाटणकडच्या एका वाडीवरची मुलगी वडिलांना घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. हातात जुना मोबाइल. "सर, सकाळपासनं नुसतं गोल फिरतंय." मी पाहू लागलो. व्हिडिओ उघडेना, माझ्या चार ओळी दीडावर थबकलेल्या, आणि तो मदतनीस नेमका 'पुढे' या बटणावर ठाण मांडून बसलेला! अखेर कार्यालयातल्या संगणकावर अर्ज भरला, तेव्हा मुदत संपायला दहा मिनिटे उरली होती. रोजगार बुडवून आलेले तिचे वडील हात जोडून म्हणाले, "आमालाच त्यातलं कळत न्हाई, सायेब."

चूक आमची, आणि क्षमा मागत होता तो! त्या रात्री मला झोप लागली नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत जगातले पहिले संकेतस्थळ मांडले, तेव्हा त्यावर केवळ अक्षरे आणि दुवे होते. 1998 साली गूगल आले, तेही जवळजवळ कोऱ्या पानावर एक चौकट घेऊन. पण म्हणून त्या चौकटीमागचे काम साधे होते काय? मुळीच नाही. अफाट यंत्रणा पडद्याआड राबत होती. आमच्या गावच्या पाण्याचेही तेच. पंप, टाक्या, जलवाहिन्या, मीटर हा सारा खटाटोप मागे. घरातल्या आजीच्या हाताशी मात्र एक नळ. तिला त्याचे शास्त्र शिकावे लागत नाही.

याचा अर्थ शोभा वर्ज्य, असा नव्हे. आगाशिवची साठांहून अधिक लेणी बहुतेक साधी, राहण्याजोगी. अजिंठ्याची चित्रे पाहून मात्र डोळे निवतात. दोन्ही आपल्या जागी थोरच. परंतु तहानलेल्याला कारंजे दाखवून भागत नाही. बागेत कारंजे जरूर असावे. नळाच्या वाटेत मात्र असू नये.

पुढच्या बैठकीत मी हे सांगितले. वाद झाला, पण अखेर व्हिडिओ वेगळ्या पानावर गेला, मदतनीस बोलावल्याशिवाय येईनासा झाला आणि 'प्रवेश अर्ज' ही दोन शब्दांची पाटी सर्वांत वर आली. माझ्या चार ओळी मीच काढल्या. त्या कोणी शोधल्याचे अजून ऐकिवात नाही.

ती मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे. मराठीच्या तासाला पहिल्या बाकावर बसते.