पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था

दिल्लीच्या एखाद्या सरकारी दप्तरातून बदलीचा हुकूम घेऊन जो मनुष्य पुण्यास रुजू होतो, त्याच्या बिऱ्हाडाची आणि मुलांच्या शाळेची तजवीज लागण्यास काही महिने जात असले, तरी त्याच्या डोक्यावरील आकाशाची बदली पहिल्याच निरभ्र रात्री पूर्ण झालेली असते. कारण तेथे क्षितिजापासून सुमारे २८.५ अंशांवर दिसणारा ध्रुव येथे १८.५ अंशांवर उतरतो, धुरकट क्षितिजालगत जेमतेम ९ अंश चढणारा अगस्ती माघातील रात्री १९ अंशांपर्यंत वर येतो, आणि दिल्लीस कधीही पूर्ण न उगवणारा त्रिशंकू वैशाखात दक्षिणेकडे सगळाच्या सगळा उभा राहतो. हा फरक ज्याच्या ध्यानी येतो त्यास तो कोणास तरी सांगावासा वाटतो. परंतु नव्या गावात शेजाऱ्यांशी अद्याप पाण्याच्या वेळांपलीकडे संभाषण गेलेले नसते. अशा मनुष्यास ज्या संस्थेचा पत्ता आधी ठाऊक असावा, ती संस्था म्हणजे टिळक स्मारक मंदिरात कार्यालय असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था.

२२ ऑगस्ट १९४४ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत, स्थापन झालेली ही परिसंस्था आपल्या देशातील हौशी खगोलनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था समजली जाते. पुण्याच्या भूमीत या विद्येची मशागत पूर्वीच झालेली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालचा. त्याच सुमारास येथील सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा नांदत होती, आणि तिच्यातील २० इंची परावर्ती दुर्बिणीएवढी मोठी दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती. १९१२ साली ती वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालास रवाना झाली. सरकारी आश्रय असा एका हुकुमासरशी उठून जाऊ शकतो. नागरिकांनी आपल्या हौसेवर चालविलेली संस्था मात्र आठ दशके टिकून आहे, याचे मला विशेष अगत्य वाटते.

नवागतास येथे त्याचा हुद्दा कोणी विचारीत नाही. अमावास्येच्या आगेमागे शहराच्या उजेडापासून दूर आकाशदर्शनाचा मुक्काम पडला, की अंधारात चेहरेच दिसत नसल्यामुळे ओळख होते ती आवाजावरून आणि प्रश्नांवरून. डोळा अंधारास पुरता सरावण्यास अर्धा तास लागतो, आणि तो सराव मोडू नये म्हणून विजेरीवर तांबडा कागद लावण्याचा दंडक सर्वांस सारखाच लागू असतो. परंतु अशा रात्रींस जमणाऱ्या गर्दीवरून हौशी खगोलमंडळाची योग्यता ठरविणे मला मान्य नाही. तिची खरी परीक्षा नोंदवहीत होते.

या बाबतीत जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांचे उदाहरण प्रत्येक हौशी निरीक्षकाने जाणून घ्यावे. सरकारी खजिन्यात नाणी पारखणारा हा अल्पवेतनी नोकर रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाची अनुमाने अमेरिकेतील निरीक्षकसंघाकडे पाठवीत राहिला. त्या नोंदी ३७ हजारांच्या वर गेल्या, आणि त्यांचे मोल ओळखून त्या संघाने १९२६ साली समुद्रापार सहा इंची दुर्बीण त्यास वापरावयास धाडली. फाळणीनंतर घरदार सोडून पश्चिम बंगालात येणे त्याच्या नशिबी आले, तरी नोंदींचे व्रत त्याने नव्या ठिकाणीही चालविले; आणि वय झाल्यावर ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या स्वाधीन झाली.

पावसाळ्याचे चार महिने पुण्याचे आकाश मिटलेले असते. तेव्हा व्याख्याने होतात, आणि ज्यांच्या हातांस चिकाटी आहे ते दुर्बिणीचा आरसा घासावयास बसतात. पुण्यातीलच ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेने भरविलेल्या कार्यशाळांमुळेही ही कला अनेकांच्या हाती आली. सहा इंची काचेच्या दोन चकत्या एकावर एक ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून, वरची पुढेमागे सरकवीत आणि आपण स्वतः त्यांच्याभोवती सावकाश फिरत राहिले, की वरची चकती खोलगट व खालची फुगीर होत जाते. एवढा साधा या कलेचा पाया आहे. मात्र पुढे राळेच्या थरावर झिलई देताना पृष्ठभाग मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागाइतका बिनचूक करावा लागतो. १८५८ साली फूकोने शोधलेल्या चाचणीत बारीक प्रकाशबिंदू आणि वस्तऱ्याचे पाते यांच्या साहाय्याने पृष्ठभागात राहिलेला दोष डोळ्यांस दिसतो; आरशावर क्षणभर अंगठा टेकविला तर त्या उबेने फुगलेली काच टेकडीसारखी उठून दिसते आणि निवताच सपाट होते. जो हे एकदा पाहतो, त्यास विकतच्या दुर्बिणीकडे पाहण्याची दृष्टीच निराळी येते.

पुण्यात नव्याने आलेल्या वाचकास माझी विनंती आहे, की त्याने दुर्बीण खरेदी करण्याची घाई करू नये. आधी परिसंस्थेत जाऊन पुढील आकाशदर्शनाची तारीख विचारावी आणि एक वही घालावी. मार्गशीर्षात मृगातील काक्षीचे तेज रोहिणी व प्रश्वा यांच्याशी ताडून तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. हीच काक्षी फेब्रुवारी २०२० मध्ये इतकी मंदावली होती, की रोहिणीपुढेही ती स्पष्ट फिकी दिसे. आणि तो फरक टिपण्यास नुसते डोळे पुरेसे होते.