स्टेनलेसच्या पात्यावर आम्लाचा हात

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात बांबू तोडायला लागणारा कोयता बहुधा ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेला असतो, आणि तसले साधे पोलाद झाडाचा चीक, घाम व पावसाळी हवा यांनी आपोआप काळवंडत जाते. स्टेनलेस स्टीलची सुरी मात्र चकाकतच राहते, कारण या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा पृष्ठभागावर धरतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो. शेफील्डचे धातुतज्ज्ञ हॅरी ब्रेअर्ली यांना 1913 साली या पोलादाचे वेगळेपण कळले तेही आम्लामुळेच. बंदुकीच्या नळ्यांसाठी तयार केलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी आम्लात धरले असता त्यांवर आम्ल चालेना.

अशा पात्याची चकाकी मोडून त्याला पुढे वापरात पडणारे ओरखडे झाकणारी करडी छटा द्यायची, तर सर्किट बोर्ड कोरण्यासाठी मिळणारे फेरिक क्लोराईडचे आम्लधर्मी द्रावण उपयोगी पडते. त्यातील क्लोराईड पापुद्रा भेदते, पण जिथे तो दुबळा असेल तिथे आधी, आणि म्हणूनच छटा डागाडागांनी उमटते. दोष सहसा द्रावणाला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा त्याआधीच्या कामात असते. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण करताना, त्यावर खपली धरते आणि तिच्या खालच्या थरातील क्रोमियम कमी झालेले असते. हा थर पूर्ण घासून काढला नाही, तर उरलेले पट्टे इतर भागापेक्षा लवकर खाल्ले जातात. त्यानंतर 400 आणि 600 नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासावे लागते, कारण आम्ल जुना ओरखडा पुसत नाही, उलट तो उठून दिसतो.

तेलकटपणा हा दुसरा शत्रू होय. साबणाने आणि मग ॲसिटोनने पुसलेल्या पात्यावर स्वच्छ पाणी सोडावे. पाण्याचा पडदा सलग टिकला तर पाते स्वच्छ आहे, आणि तो फाटून थेंब गोळा झाले तर तिथे बोटाचा ठसा उरलेला आहे, असे समजावे. पाते प्लास्टिकच्या भांड्यातल्या द्रावणात उभे टांगावे, थोड्या थोड्या मिनिटांनी बाहेर काढून त्यावरची काजळी पुसावी आणि पुन्हा बुडवावे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, आणि उष्णतेने अभिक्रिया वेगावते, त्यामुळे हिवाळ्यात बसवलेले मिनिटांचे गणित उन्हाळ्यात चालत नाही. पहाटे काम करणे किंवा भांडे पाण्याच्या घमेल्यात ठेवणे बरे. रबरी हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांवाचून हे काम करूच नये.

छटा मनासारखी झाली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाते बुडवून खसखसून धुवावे, कारण खाचेत राहिलेले क्लोराईड पुढे बारीक खड्डे पाडते. धार सर्वांत शेवटी लावावी. वापरलेल्या द्रावणात लोखंडाबरोबर क्रोमियम, आणि कधी निकेलही, विरघळलेले असते. ते नाल्यात ओतले तर वर्धा-वैनगंगेच्या पाण्यात जाते, म्हणून सोड्याने आम्लता घालवून, तळाशी बसलेला गाळ वेगळा करून तो घातक कचरा म्हणूनच अधिकृत केंद्राकडे सोपवावा लागतो.