वाचणारी स्त्री आणि चित्रकाराची नजर

स्त्रीच्या हाती पुस्तक आले की समाज अस्वस्थ होतो, याची साक्ष एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकलाही देते. बेल्जियन चित्रकार आंत्वान वीर्त्झ यांनी १८५३ मध्ये कादंबरी वाचणाऱ्या स्त्रीचे चित्र रंगविले. शय्येवर विवस्त्र तरुणी वाचनात मग्न आहे आणि कडेला दडलेला सैतान तिच्याकडे आणखी पुस्तके सरकवीत आहे. कादंबऱ्यांनी स्त्री बिघडते, हा त्या काळचा समज येथे उघड होतो. ती काय वाचते, त्यातून तिला काय उमगते, याच्याशी मात्र चित्रकाराला कर्तव्य नाही.

सुमारे पंचवीस वर्षांनी, १८७८ च्या सुमारास, पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकर्त्री मेरी कसाट यांनी आपल्या आईचे चित्र काढले. चष्मा लावून त्या ‘ल फिगारो’ हे दैनिक वाचीत आहेत; चित्र पाहणाऱ्याकडे वळून बघण्यास त्यांना सवड नाही. फ्रान्समधील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ मध्ये. तथापि जगातील घडामोडी जाणून घेण्यासाठी या मातोश्रींनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिलेली दिसत नाही.

पहिल्या चित्रात पाहणाऱ्याचे भय आहे, दुसऱ्यात वाचणारीचे मन. स्त्रियांनी काय वाचावे हे ठरवू पाहणाऱ्यांनी ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.