थेट प्रक्षेपणातील वक्ता आणि श्रोता : व्यक्तीच्या नाममुद्रेचा एक भाषिक विचार

१. विषयाची मर्यादा

एखादी व्यक्ती आपल्या खोलीत बसून संगणकावरील खेळ खेळत असते, चित्र काढीत असते किंवा नुसतीच बोलत असते. आणि त्याच वेळी दूरदूरची माणसे आंतरजालावरून ते पाहत असतात व पडद्याच्या कडेला लिहून तिच्याशी बोलत असतात. या व्यवहारास येथे ‘थेट प्रक्षेपण’ म्हटले आहे. असे प्रक्षेपण नियमितपणे जेथून होते ती ‘वाहिनी’. आणि वाहिनी चालविणाऱ्याची जी ओळखू येण्याजोगी प्रतिमा लोकांच्या मनात स्थिर होते, तिला ‘पर्सनल ब्रँड’ अर्थात व्यक्तीची नाममुद्रा असे म्हणण्याचा प्रघात आहे.

वाहिनी कशी वाढवावी याविषयीचा उपदेश आज विपुल आहे. वेळापत्रक मोडू नये, आवाज स्वच्छ असावा, विषय ठरलेला असावा, हे सारे त्यात येते व ते योग्यही आहे. परंतु हा व्यवहार मूलतः बोलण्याचा आहे, या गोष्टीकडे त्यात फारसे लक्ष दिलेले नसते. वक्ता श्रोत्याला कोणत्या नात्याने संबोधतो आणि श्रोत्यांची संख्या वाढली म्हणजे त्या नात्याचे काय होते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वाहिनी ज्या संवादामुळे वाढते तोच संवाद तिच्या वाढीमुळे अशक्य होत जातो, आणि या पेचातून काढलेल्या भाषिक वाटांनीच नाममुद्रा घडते, असे आमचे प्रतिपादन आहे.

२. पूर्वपीठिका

मार्च २००७ मध्ये जस्टिन कान यांनी टोपीला कॅमेरा लावून आपले दैनंदिन आयुष्य अहोरात्र प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या ‘जस्टिन टीव्ही’ या उपक्रमातून पुढे इतरांनाही वाहिन्या उघडता आल्या. त्यांतील खेळांचा विभाग २०११ मध्ये ‘ट्विच’ या नावाने वेगळा झाला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अॅमेझॉनने तो सुमारे ९७ कोटी डॉलरांस विकत घेतला. या इतिहासातील लक्षणीय बाब अशी की, केवळ एकाचे जीवन पाहण्याचा मूळ प्रयोग टिकला नाही. ज्या विभागात पाहणारे आणि दाखविणारे यांची बोलाचाली सर्वांत दाट होती, तो टिकला.

३. संभाषणाची रचना

या बोलण्याचा पहिला विशेष म्हणजे माध्यमाची विषमता. एक पक्ष मुखाने बोलतो, दुसरा लिहितो. दुसरा विशेष विलंबाचा. वक्त्याचे शब्द श्रोत्यापर्यंत पोचण्यास काही सेकंद लागतात. श्रोता वाचून, विचार करून, टंकलिखित करून उत्तर पाठवितो तोवर आणखी काही सेकंद जातात. समोरासमोरच्या संभाषणात प्रश्नानंतर सेकंदभराची स्तब्धताही जाणवते. येथे ती त्याहून कितीतरी पट दीर्घ असते. म्हणून अनुभवी वक्ता प्रश्न विचारून थांबत नाही. प्रश्न विचारतो व बोलतच राहतो. आपण काय करीत आहोत, आता काय करणार आहोत, काय चुकले, याचे निवेदन अखंड चालू असते. एरवी माणूस मनातल्या मनात जे बोलतो, ते येथे प्रकट बोलावे लागते.

तिसरा विशेष असा की, श्रोत्याने लिहिलेले वाक्य वक्ता प्रथम मोठ्याने वाचतो व मग उत्तर देतो. ही केवळ सवय नव्हे. लिखित ओळ क्षणात वर सरकून दिसेनाशी होते. कोणत्या ओळीस उत्तर दिले जात आहे हे इतरांस कळावे, यासाठी ती ओळ पुन्हा उच्चारावी लागते. परंतु याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. श्रोत्याचे नाव आणि त्याचे शब्द सर्वांसमक्ष वक्त्याच्या मुखातून येतात. दोनशे माणसांत आपले नाव उच्चारले जाणे हा एक मान आहे, आणि पुन्हा येण्याचे ते एक कारणही आहे.

४. व्यक्ती आणि भूमिका

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील निवेदकांचा अभ्यास करून एक महत्त्वाची संकल्पना मांडली. निवेदक प्रेक्षकांशी समोर बसल्याप्रमाणे बोलतो. प्रेक्षकांस त्याच्याशी ओळख असल्याचे वाटू लागते. परंतु हा संबंध एकतर्फी असतो. त्यास त्यांनी ‘परासामाजिक आंतरक्रिया’ असे म्हणता येईल असे नाव दिले. थेट प्रक्षेपणास ही संकल्पना सरसकट लावली जाते, ते मात्र तपासून घेतले पाहिजे. लहान वाहिनीवर हा संबंध एकतर्फी नसतो. तेथे उत्तर मिळते. २०१७ मध्ये ट्विचने नव्या वाहिनीस उत्पन्नाचा पहिला टप्पा खुला करताना जी अट घातली, तीत तीस दिवसांत सरासरी तीन प्रेक्षक एका वेळी उपस्थित असणे पुरेसे मानले होते. तीन माणसे म्हणजे शुद्ध संभाषणच होय.

‘ब्रँड’ या शब्दाचा मूळ संबंध तापलेल्या लोखंडाने गुरांवर उठविलेल्या खुणेशी आहे. १९९७ मध्ये टॉम पीटर्स यांनी ‘द ब्रँड कॉल्ड यू’ या लेखात ही मालाची कल्पना व्यक्तीला लावून ती लोकप्रिय केली. परंतु मालावरील खूण मालाच्या बाजूने बोलत नाही. प्रक्षेपणातील व्यक्तीस तास न् तास स्वतः बोलावे लागते, आणि तिची खूण तिच्या बोलण्यातच उमटते : ठरलेले स्वागत, ठरलेला निरोप, श्रोतृसमूहास दिलेले विशिष्ट नाव, पुनःपुन्हा येणारा एखादा विनोद. नव्या माणसास या गोष्टींचा अर्थ लागत नाही. जुन्यास तो लागतो. अर्थ लागणे हीच येथे सदस्यत्वाची खूण ठरते.

५. संख्या वाढल्यानंतर

२०१४ मध्ये हॅमिल्टन, गॅरेटसन आणि कर्न यांनी ट्विचवरील समुदायांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मोठ्या वाहिन्यांवर संभाषण मोडते व त्याला क्रीडांगणावरील गर्दीच्या गजराचे रूप येते, असे दाखविले आहे. २०१७ मध्ये फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू पुढे आणली. या गजरातही संगती असते. मजकूर आखूड होतो, तोच मजकूर अनेकजण पुन्हा लिहितात, व शब्दांची जागा चिन्हे घेतात. ‘कापा’ हे चिन्ह याचे उत्तम उदाहरण होय. ते जस्टिन टीव्हीच्या एका कर्मचाऱ्याच्या चेहऱ्याचे कृष्णधवल चित्र. वाक्याच्या शेवटी ते लिहिले की वाक्य उपरोधाचे समजावयाचे. बोलण्यात जे काम स्वराघात करतो ते येथे एका चित्राने केले आहे.

समूहास संबोधण्यासाठी इंग्रजी बोलणारे वक्ते ‘चॅट’ हाच शब्द वापरू लागले. हा शब्द पुढे प्रक्षेपणाबाहेर, तरुणांच्या सामान्य बोलण्यातही आला, आणि ते ‘चौथ्या पुरुषाचे सर्वनाम’ आहे असा दावा समाजमाध्यमांत झाला. तो टिकण्यासारखा नाही. ‘चॅट’ वाक्याच्या बाहेर संबोधन म्हणून येते, आणि ‘चॅट असे म्हणते आहे’ अशा वाक्यात साधे तृतीयपुरुषी नाम म्हणून येते. आपल्या ‘मंडळी’ या शब्दाचे वर्तन नेमके असेच आहे. नवल आहे ते अर्थात : संभाषणाच्या जागेचे नाव संभाषण करणाऱ्यांना मिळाले. हजारो नावे उच्चारणे शक्य नसल्यामुळे त्या सर्वांची मिळून एक व्यक्ती कल्पिली गेली. लहान वाहिनीवर जो मान नावाने मिळत होता, तो मोठ्या वाहिनीवर समूहनामाने वाटून दिला जातो.

६. विकली जाणारी पाळी

सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफर्सन यांनी १९७४ मध्ये संभाषणातील पाळीचे नियम मांडले. पुढचा बोलणारा कोण, हे तेथे क्षणोक्षणी बोलणारेच ठरवितात. प्रक्षेपणात मात्र लक्ष दुर्मीळ झाले की पाळीला किंमत येते. ट्विचने २०१६ मध्ये ‘बिट्स’ आणि यूट्यूबने २०१७ मध्ये ‘सुपर चॅट’ ही सोय केली. पैसे देणाऱ्याचा संदेश उठून दिसतो व बहुधा वाचला जातो. कीर्तनात वा सभेत श्रोता दक्षिणा किंवा देणगी देतो, ती बोलण्याबद्दल. येथे तो मोल देतो ते आपले बोलणे ऐकले जावे म्हणून. संभाषणाच्या इतिहासात ही बाब नवी असून तिचा अभ्यास व्हावयास हवा.

७. मौनाची किंमत

खेळाडू टायलर ब्लेव्हिन्स, ज्यांना जग ‘निंजा’ या नावाने ओळखते, यांनी जून २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले की, अठ्ठेचाळीस तासांहून कमी काळ प्रक्षेपण थांबविताच त्यांचे ४०,००० वर्गणीदार कमी झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ‘मिक्सर’ या प्रतिस्पर्धी मंचावर गेले. तो मंचच जुलै २०२० मध्ये बंद पडला. याच्या उलट टोकाचे उदाहरण लुडविग अॅह्ग्रेन यांचे. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये, प्रत्येक नव्या वर्गणीबरोबर घड्याळ पुढे सरकत गेल्याने, त्यांचे प्रक्षेपण सलग ३१ दिवस चालले. ते झोपलेले असतानाही हजारो माणसे उपस्थित असत व आपसांत बोलत असत.

१९२३ मध्ये मॅलिनोव्स्की यांनी, केवळ संबंध जोडून ठेवण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले होते. १९६० मध्ये रोमान याकोब्सन यांनी त्याला भाषेच्या सहा कार्यांपैकी एकाचे स्थान दिले : संपर्क चालू आहे याची खात्री करणे. झोपलेल्या वक्त्याभोवती जमलेला श्रोतृवर्ग हे या कार्याचे अगदी टोकाचे रूप होय. तेथे वक्त्याचा संदेश शून्य असतो. उरतो तो संपर्क. परंतु संपर्क हेच भांडवल झाले की विश्रांती हा तोटा ठरतो. या व्यवसायात शिणवट्याच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात, त्यांचे एक मूळ या भाषिक परिस्थितीत आहे.

८. मराठीतील प्रश्न

मराठीतून प्रक्षेपण करणाऱ्यासमोर काही प्रश्न असे येतात की जे इंग्रजीत उद्भवतच नाहीत. श्रोता बहुधा टोपणनावाने लिहितो. त्याचे वय वा लिंग कळत नाही. इंग्रजीतील ‘यू’ सर्वांना चालते. मराठीत ‘तू म्हणतोस’ की ‘तू म्हणतेस’, ‘आलास’ की ‘आलीस’, हे तत्क्षणी ठरवावे लागते. ‘तुम्ही म्हणता’, ‘तुम्ही आलात’ या रूपांत लिंगभेद नाही. म्हणून ‘तुम्ही’ने अडचण टळते, परंतु अंतर वाढते. ते कमी करण्यासाठी ‘दादा’, ‘ताई’ ही नात्याची नावे योजावी, तर लिंगाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि वयाचाही. सलगी, आदर आणि अज्ञान या तिहींचा मेळ वक्त्याला एका क्षणात घालावा लागतो. तो कसा घातला जातो, यावरून वाहिनीचा स्वभाव ओळखता येतो.

दुसरा प्रश्न ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातील भेदाचा. ‘आज आपण पाहणार आहोत’ या वाक्यात श्रोता कर्तृत्वात सामील होतो. ‘आज आम्ही दाखविणार आहोत’ यात तो वगळला जातो. लहान वाहिनीवर श्रोता खरोखर पुढची चाल सुचवितो व ती खेळलीही जाते. तेथे ‘आपण’ हे वस्तुस्थितीचे कथन आहे. वाहिनी मोठी झाल्यावर सर्वनाम तेच राहते, परंतु त्यातील सहभाग नाममात्र उरतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यक्तीची नाममुद्रा म्हणजे तिच्या गुणांची जाहिरात एवढेच म्हणून भागत नाही. ‘येथे तुला उत्तर मिळेल’ असे एक अभिवचन तीत गृहीत असते. तीन श्रोत्यांना ते पाळता येते, तीनशेंना अंशतः पाळता येते, तीन लाखांना केवळ समूहनामे, चिन्हे आणि सर्वनामे यांच्या आधाराने त्याचा भास टिकविता येतो. या भासाला फसवणूक म्हणणे घाईचे होईल, कारण श्रोत्यांसही तो भास म्हणून बहुधा ठाऊक असतो आणि त्यांचे आपसांतील बोलणे तर खरेच असते. तथापि वाहिनी वाढवू इच्छिणाऱ्याने, आपण कोणते अभिवचन देत आहोत व ते किती माणसांपर्यंत पाळता येईल, याचा विचार आरंभीच करणे इष्ट.

अभ्यासकांसाठी येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. एकाच मराठी वाहिनीची आरंभीची व नंतरची प्रक्षेपणे घेऊन त्यांतील ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’, ‘मंडळी’ आणि नात्याची नावे यांची गणना केली, तर संख्येबरोबर संबोधन कसे बदलते हे नेमकेपणाने सांगता येईल. अनेक वाहिन्यांची जुनी ध्वनिचित्रमुद्रणे उपलब्ध आहेत. परंतु प्रक्षेपणाबरोबरचा लिखित संवाद त्यांच्याबरोबर राहीलच याचा भरवसा नाही. संभाषणाची ही अर्धी बाजू वेळीच उतरवून ठेवणे हे या अभ्यासातील पहिले काम होय.