घरून मतदान : पाच दिवसांची मुदत चुकवू नका

भोकरदन तालुक्यातील राजूरसारख्या गावात मतदान केंद्र हाकेच्या अंतरावर असले, तरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांस ते दूरच असते. त्यांच्यासाठी टपाली मतपत्रिकेची सोय आहे. परंतु तिचे नियोजन कसे होते हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि हक्क असूनही मत राहून जाते. म्हणून आम्ही ही माहिती येथे देत आहोत.

लोकसभा व विधानसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदार आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले दिव्यांग मतदार यांना ही सवलत आहे. मार्च २०२४ पूर्वी वयोमर्यादा ८० वर्षे होती. ही सवलत आपोआप मिळत नाही. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत ‘नमुना १२-ड’ भरून द्यावा लागतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हा अर्ज घरी आणून देतात व भरलेला अर्ज परत नेतात.

मुदत इतकी लवकर का संपते? २०२४ ची विधानसभा निवडणूक पाहा. अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, उमेदवारी मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. उमेदवारांची अंतिम यादी ठरल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही. त्यामुळे छपाईपासून घरोघरच्या भेटींपर्यंतचे सारे काम जेमतेम पंधरवड्यात उरकावे लागते. कोणत्या वस्तीवर किती मतदार आहेत हे आधी कळले, तरच ते साधते.

नाव टपाली असले, तरी ही मतपत्रिका पोस्टमन आणत नाही. मतदान अधिकाऱ्यांचे पथक पोलीस व चित्रीकरणाच्या व्यवस्थेसह घरी येते. भेटीचा दिवस आधी कळविला जातो. मतदार न भेटल्यास पथक आणखी एकदाच येते. खूण केलेली मतपत्रिका आतल्या पाकिटात जाते, ते पाकीट व स्वाक्षरीचे घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात. घोषणापत्र अपुरे राहिल्यास आतले पाकीट न उघडताच मत बाद होते.

अर्ज मंजूर झालेल्या मतदाराला केंद्रावर मत देता येत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

धर्मग्रामात आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्यांनी पुढील निवडणुकीच्या वेळी एवढी एक चौकशी अवश्य करावी. अर्ज भरण्यास हात द्यावा. मत कोणाला द्यावयाचे हे मात्र आजी-आजोबांचे त्यांनाच ठरवू द्यावे.