गिरगावात जागा विकणे आहे

मुंबईचा माणूस घराला ‘घर’ म्हणत नाही, ‘जागा’ म्हणतो. ‘जागेचं काही जमलं का?’ हा प्रश्न इथे मुलीच्या लग्नाइतक्याच काळजीने विचारला जातो. त्यातही जागा गिरगावात असली, तर विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा हेवाही मिसळतो.

आमच्या ताईने या वर्षी तिथेच जागा शोधायला घेतली. तिचं वय 68. जन्म गिरगावातल्या चाळीतला, संसार सगळा डोंबिवलीला. भावोजी गेले, मुलगा बंगळूरला स्थायिक झाला. डोंबिवलीची जागा विकायची, शिल्लक घालायची आणि उरलेले दिवस लहानपणीच्या वस्तीत काढायचे, असा तिचा बेत. ‘तिथे खाली उतरलं की भाजी, वाणी, डॉक्टर, देऊळ. साहित्य संघात नाटक बघून चालत घरी येता येतं,’ हे तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. शिवाय ऑक्टोबर 2025 पासून गिरगावच्या पोटात भुयारी मेट्रोचं स्थानकही सुरू झालंय.

या वस्तीचं मोल नुसत्या चौरस फुटांत मोजता येत नाही. 1893 मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी इथल्याच कॉरोनेशन थिएटरात लागला. दलाल हा इतिहास जागेबरोबर विकतात आणि आपणही तो आवडीने विकत घेतो.

आम्ही पाहिलेली जागा दुसऱ्या मजल्यावरची. चाळीतल्या दोन खोल्या एक करून ती नव्याने सजवलेली. जिन्याच्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या. पण दार उघडलं आणि वाटलं, आपण अंधेरीच्या एखाद्या टॉवरमध्ये शिरलो! चकचकीत फरशी, ओट्याखाली कपाटं, आत स्वतंत्र संडास-बाथरूम, वर फॉल्स सीलिंग आणि त्यात लपवलेले दिवे. समोरच्या गॅलरीला काच लावून तिची बैठकीची खोली केलेली. ताई बराच वेळ त्या काचेजवळ उभी होती. मग हळूच म्हणाली, ‘अरे, वाटाणे सोलायला बसायची जागाच यांनी आत घेतली की.’

तिच्या बोलण्यात केवळ हळहळ नव्हती. जुन्या चाळीचे गोडवे गाणाऱ्यांना ती नेहमी सुनावते, ‘रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या संडासात कंदील घेऊन तुम्ही गेला नाहीत, आम्ही बायका गेलो.’ घरात संडास हवाच. प्रश्न एवढाच, की तो कुणाच्या डोक्यावर बांधला?

त्याचं उत्तर खालच्या मजल्यावर मिळालं. ताईच्या सवयीप्रमाणे आम्ही शेजाऱ्यांना भेटायला गेलो. ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहतात. त्यांनी छताकडे बोट दाखवलं. ओल पसरत भिंतीपर्यंत उतरली होती. ‘वर नवीन बाथरूम झालं आणि माझं देवघर हललं गं बाई,’ त्या ताईला म्हणाल्या. ‘देवावर पाणी ठिबकत होतं. आता देव कपाटात आहेत.’

यात गूढ काही नाही. जुन्या चाळींचे मजले लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर तोललेले असतात. मोरी ठरलेल्या कोपऱ्यात आणि एकाखाली एक, कारण पाणी तिथूनच खाली जायचं. खोलीच्या मध्यावर नवं बाथरूम काढलं, की भराव, फरशा आणि पाण्याचं वजन त्या लाकडावर येतं. वॉटरप्रूफिंग कच्चं राहिलं तर ओल तुळईत मुरते. आणि फॉल्स सीलिंग असलं, की आपल्या डोक्यावरच्या तुळईला वाळवी लागली तरी आपल्याला दिसत नाही. नवा रंग शोभेचा असतो, तसा तो झाकणीचाही असू शकतो.

दुसरी गाठ कागदांची. दलाल म्हणाला, ‘पागडीची आहे साहेब, पण ओनरशिपसारखीच समजा.’ तशी ती समजता येत नाही. 1947 च्या भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940 ची भाडी पायाभूत धरली. भाडी गोठली, घरमालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली आणि इमारती खंगत गेल्या. म्हणून 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला. पुढे 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या देवाणघेवाणीला मान्यता दिली. तरीही पागडीत तुम्ही घेता तो भाडेकरूचा हक्क. भिंती आणि जमीन मालकाचीच. म्हणून मालकाची लेखी संमती, स्वतःच्या नावावर भाडेपावती आणि आतल्या बदलांना घेतलेली परवानगी, ही तिन्ही पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. बँकाही अशा जागेला सहसा कर्ज देत नाहीत.

‘पुनर्विकासात मोठी जागा मिळेल’ हे गाजरही असतंच. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटईक्षेत्राची तरतूद आहे, हे खरं. पण कधी, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. तोवर राहायचं ते याच तुळयांखाली. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. तिचाही पुनर्विकास ठरलेलाच होता.

घरी येताना मी ताईला म्हणालो, ‘सोडून दे. डोंबिवलीत काय वाईट आहे?’ ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच दलालाला फोन केला. ‘जागा मला आवडली आहे. पण आधी खालच्या आजींची गळती थांबवा, सीलिंग उघडून माझ्या इंजिनिअरला तुळया बघू द्या. मग भावाचं बोलू.’ विकणाऱ्याला राग आला. ‘खालच्यांशी तुमचा काय संबंध?’ असा निरोप आला. ताईने उत्तर पाठवलं, ‘उद्या मी वर राहणार आणि त्या खाली. संबंध तेवढाच, पण रोजचा.’

तीन आठवडे काहीच घडलं नाही. मग कळलं, बाथरूमची फरशी उखडली आहे. बहुधा इतर गिऱ्हाइकांनीही आजींचं दार ठोठावलं असावं. इंजिनिअरने सीलिंग उघडलं, तर पाचांपैकी दोन तुळया बदलाव्या लागतील असं निघालं. खर्च कुणी करायचा यावर घासाघीस सुरू आहे. व्यवहार होईल की नाही, आज सांगता येत नाही. ताईची एक अट आणखी वाढली आहे: गॅलरीची काच काढायची.

जुन्या वस्तीत नवी जागा बघायला तुम्हीही कधी जाल. फरशी बघा, ओटा बघा, कागद तर बघाच. पण निघताना खालच्या घराची कडी वाजवायला विसरू नका. परवा ताई पुन्हा जाऊन आली. जागेचं काय झालं, विचारलं तर म्हणाली, ‘ते बघू. आजींचे देव कपाटातून बाहेर आले.’